बाबांच्या डोळ्याची तारीख पुढे घेतलीये आणि मी सायकल चालवायला हॉलंडला चाललेय

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई तू "या वयात?" म्हणालीस आणि बाबा "जा की" म्हणाले, पण त्या "जा की" मध्ये काही जीव नव्हता, म्हणून शेवटी लिहायला बसले. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून दे. आई, तूच वाचून दाखव बाबांना, त्यांनी डोळ्याला ताण द्यायचा नाहीये, आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. तिकीट काढलंय, व्हिसा आलाय, एप्रिलच्या शेवटी आमच्या सायकल ग्रुपमधल्या आम्ही बायका हॉलंडला सायकल चालवायला चाललोय आणि ते आता बदलणार नाहीये. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मेच्या तिसऱ्या आठवड्यात घेतलंय. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले, ते म्हणाले काही घाई नाही, दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. पहिल्या डोळ्याच्या वेळी मी होते तशीच याही वेळी असणार आहे, ड्रॉप्सचा तक्ता फ्रीजवर मीच चिकटवणार आहे. हे मी माझ्या सोयीसाठी ढकललं असं वाटून घेऊ नका बाबा. वहिनीवर सगळं टाकून मी तिकडे फुलं बघत बसले असते तर माझा एक दिवस सुखाचा गेला नसता, म्हणून आधी तारीख घेतली आणि मगच पैसे भरले.

तुमच्या जावयांना विचारलं, तेच म्हणाले जा, आणि ते बरोबर का नाहीत असं आई तू तीनदा विचारलंस म्हणून सांगते, त्यांना सायकलची आवड नाही एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. पैशाचं म्हणाल तर हे माझ्या पगारातून बाजूला टाकलेले आहेत, घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही. लेकीची बारावी झाली. एवढी वर्षं कधी तिची परीक्षा, कधी सासूबाईंचं, कधी आपलं मिरजेचं, असं करत प्रत्येक वेळी मीच म्हटलं पुढच्या वर्षी बघू, आणि ते मी आनंदाने म्हटलंय, कुणावर उपकार म्हणून नाही. पण आता गुडघे साथ देतायत तोवर मला हे करायचंय. मनापासून करायचंय.

आई, तुझी पहिली काळजी राहायची. रोज नवं हॉटेल, बॅगा उचला, असलं काही नाहीये. एक बोट असते, आठवडाभर तीच आमचं घर. सकाळी आम्ही सायकली घेऊन उतरायचं, पस्तीस-चाळीस किलोमीटर आरामात चालवायचं, आणि बोट कालव्याने पुढच्या गावाला जाऊन थांबते, संध्याकाळी आपली तीच खोली, तीच पलंगावरची उशी. अ‍ॅमस्टरडॅमला बसायचं, स्खोनहोवन, किंडरडाईक, डेल्फ्ट, लायडन, हारलेम असं फिरून परत अ‍ॅमस्टरडॅमला. खोली छोटी आहे पण बाथरूम खोलीतच आहे, गरम पाणी आहे, मी आधी तेच विचारलं, कारण तू तेच विचारणार हे मला माहीत होतं.

जेवणाचं बोटीवरच्या स्वयंपाक्याला आधीच कळवलंय, शाकाहारी, अंडंसुद्धा नको. ब्रेड, चीज, सूप, बटाटा हे तर आहेच. आणि हेगला पोळी-भाजी मिळते! खरंच. १८७३ पासून आपल्याकडचे, म्हणजे बिहार-युपीकडचे लोक मजुरीला कलकत्त्याहून जहाजाने दक्षिण अमेरिकेत सुरिनामला नेले होते, ती तेव्हा डचांची वसाहत. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्याच्या आसपास त्यांची नातवंडं-पतवंडं हॉलंडला आली, आणि हेगमध्ये त्यांची रोटीची दुकानं आहेत, रोटी आणि बटाट्याची भाजी, वर चवळीच्या शेंगांची. मी बरोबर मेतकूट आणि भडंग घेतेच आहे, तरी ती रोटी खाऊन तुला सांगते कशी होती ते.

आता गुडघा. तिथे चढच नाहीये आई. अख्ख्या देशातला सगळ्यात उंच डोंगर ३२२ मीटरचा आणि तो पार बेल्जियम-जर्मनीच्या कोपऱ्यात, आम्ही त्या बाजूला फिरकणारही नाही. आम्ही जातोय तो भाग बराचसा समुद्रसपाटीच्याही खाली आहे. मी दर रविवारी खडकवासल्याच्या पुढपर्यंत जाऊन येते, तिथला पानशेतकडचा रस्ता यापेक्षा कितीतरी अवघड. फक्त वारा असतो, समोरून आला की दमवतो म्हणतात, म्हणून मी बॅटरीवाली सायकल सांगितलीये, पाय दुखले तर मोटर लावायची. त्या सायकलींना पुष्कळदा मागचा ब्रेक हाताला नसतो, पायडल उलटं दाबलं की लागतो, तेवढी सवय पहिल्या दिवशी करून घ्यायची.

आणि ट्रकखाली येईल बिईल हे मनातून काढून टाक. तिथे सायकलचा रस्ताच वेगळा, पुष्कळ ठिकाणी लालसर डांबराचा, गाड्यांपासून तोडलेला. हे आधीपासून नव्हतं. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेवर लहान मुलं, मग आयाबाया, माणसं रस्त्यावर उतरली, मुलांना मारणं थांबवा म्हणून, त्यात १९७३ ला तेलाचा तुटवडा झाला, रविवारी गाड्या बंद, आणि हळूहळू सरकारला सायकलींसाठी रस्ते करावे लागले. आता तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथले लोक हेल्मेट घालत नाहीत पण मी घालणार आहे. रस्ता चुकायचं पण भय नाही, प्रत्येक फाट्यावर खांबाला नंबर असतो, सकाळी कागदावर नंबर लिहून घ्यायचे आणि एका नंबरावरून दुसऱ्याकडे जायचं, बाबांसारखा माणूस तर नकाशासुद्धा काढणार नाही.

बाबा, आता हे तुमच्यासाठी. आई, हे सावकाश वाच.

बाकीच्या सगळ्याजणी ट्युलिपसाठी चालल्यात, मलाही ती शेतं बघायचीच आहेत, एप्रिलच्या शेवटी लिसेच्या आसपास भर असतो. पण मी फॉर्म भरला तो नदीसाठी. स्खोनहोवनला लेक नावाची नदी आहे, ऱ्हाईनचाच फाटा. ती छोट्या फेरीबोटीने सायकलीसकट ओलांडायची आणि मग बांधावरून किंडरडाईकपर्यंत जायचं. बांधाच्या डोक्यावर रस्ता, एका हाताला नदी, आणि दुसऱ्या हाताला खाली घरं, इतकी खाली की बांधावरून जाताना तुमच्या डोळ्यासमोर त्यांची कौलं येतात. किंडरडाईकला १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या सुमाराच्या. आम्ही लहानपणी समजायचो पवनचक्की म्हणजे दळायला. ह्या पाणी उपसायला होत्या, खालच्या शेतातलं पाणी उचलून वरच्या तळ्यात सोडायचं आणि नदी उतरली की दरवाजे उघडून नदीत. आता ते काम पंप करतात, पण चक्क्या चालू स्थितीत ठेवल्यात आणि त्यात माणसं राहतात.

आणि हे ऐका. तिथे पाण्याचं वेगळं मंडळ असतं, नगरपालिकेपेक्षा निराळं, तेराव्या शतकापासून. अजूनही अशी २१ आहेत. बांध, कालवे, पंप सगळं त्यांच्याकडे, कर वेगळा आणि निवडणूकपण वेगळी, लोक पाण्यासाठी मत देतात. १९९३ आणि १९९५ ला नद्या चढल्या, ९५ ला अडीच लाखाच्या आसपास माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी नुसते बांध उंच करायचं सोडून तीसेक ठिकाणी नदीलाच जागा मोकळी करून दिली, काही ठिकाणी बांध मागे सरकवले, काही घरं, शेतं उठवली. तुम्ही नदीकाठच्या निळ्या पूररेषेतल्या बांधकामांवर पाटबंधारे खात्यात असताना जे बोलत राहिलात आणि रिटायर झाल्यावरही पेपरला पत्रं लिहीत राहिलात, नदीची जागा नदीला द्या म्हणून, ते एका देशाने खर्च करून, माणसांना समजावून केलंय बाबा. २०१९ च्या पुरात आपण वरच्या मजल्यावर बसलो होतो आणि तुम्ही कोयनेचा विसर्ग वहीत लिहीत होता, तेव्हा सगळे तुमच्यावर चिडलेले, मी पण. ती वही मी घेऊन येणारे पुण्याला, टाकायची नाही. मी तिथे बांधावर थांबून सगळ्याचे फोटो काढणार आहे, दरवाजे, पंप, पातळीच्या पट्ट्या, जे जे तुम्हाला बघायचं असेल ते आधी लिहून पाठवा.

सायकल म्हटलं की मला तुमची ती काळी सायकलच आठवते. दांडीला आई टॉवेल घडी करून सुतळीने बांधायची, मला टोचू नये म्हणून, आणि त्याला खोबरेल तेलाचा वास यायचा. घंटी माझ्याकडे असायची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर तुम्ही उतरायचात, सायकल कठड्याला लावायची आणि मला उचलून पाण्याच्या पातळीचे फुटांचे आकडे दाखवायचात, पंचेचाळीसला धोका, मनी, लक्षात ठेव. मला वाचता यायच्या आधी पंचेचाळीस कळत होते. ती सायकल गेली ते वर्ष आपल्या घरात कुणी काढत नाही, मीही नाही काढत. पण मी आज कुठेही सायकलवर बसले तरी माझी पाठ तुमच्या छातीला टेकलेली असते, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. आणि आई, तासाच्या भाड्याच्या सायकलवरून मी दांडीखालून पाय घालून चालवायचे तेव्हा साडी खोचून मागे पळायचीस तू. शेजारपाजारचे बोलायचे, मुलीला कशाला सायकल, तू एकदाही मला उतरवलं नाहीस. मग आता कशी गं उतरवतेस?

बरं. आता माझं ऐकायचं.

मी नसताना दादा-वहिनी येऊन राहतायत, त्यांना "कशाला आलात" म्हणायचं नाही. बाबांनी बीपीची गोळी सकाळी चहाआधी, विसरलो म्हणून दुपारी दोन घ्यायच्या नाहीत. अकरा ते पाच बाहेर पडायचं नाही, बँकेत तर मुळीच नाही, जे काय आहे ते दादा करेल. गणपतीला जायचं तर संध्याकाळी रिक्षाने, स्कूटर काढायची नाही, एका डोळ्याने तर नाहीच. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर ठेवून द्यायचा, माणूस कितीही गोड बोलला तरी. आई, कुरडया यंदा एकटीने गच्चीवर करायच्या नाहीत. मला माहितीये तू करणारेस, म्हणून सांगते, मावशींना पैसे मी दिलेत, त्या येऊन चीक घाटतील, तू सावलीत खुर्चीवर बसून सांगायचं. कॅल्शियमची गोळी रात्री. चक्कर आली तर "उन्हाने असेल" म्हणून झोपून राहायचं नाही, वहिनीला सांगायचं.

तिथे तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मी रोज तुमच्या साडेअकराला फोन करीन, माझे सकाळचे आठ, सायकलवर बसायच्या आधी. संध्याकाळी करत बसले तर तुमची झोप मोडेल. एखाद्या दिवशी नाही लागला तर बोट रेंजमध्ये नाही एवढंच समजायचं, देव पाण्यात घालून बसू नका, ग्रुप लीडरचा नंबर दादाकडे आहे.

आंबे मी आल्यावर खाऊ, पेटी माझ्यासाठी ठेवून द्यायची गरज नाही, तुम्ही खा, बाबांनी दिवसाला एकच, शुगर बघून. आणि डोळ्याची फाइल, मिरजेची जुनीपण, दोन्ही आजच दादाकडे द्या, कपाटात वरच्या खणात आईच्या शालीखाली आहे.

तुमची,
मनी