पंच नसलेला खेळ तसाच राहू द्या

महोदय,

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला जागा मिळाली, तेव्हा आपल्याकडे जल्लोष झाला. ‘अल्टिमेट’ या फ्रिस्बीच्या सांघिक खेळानेही तिथे प्रयत्न केला होता, पण त्याला जागा मिळाली नाही. हा खेळ चालवणारा जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघ १९८५ साली स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता त्याला २०१५ मध्ये मिळाली. ऑलिंपिकसाठी महासंघ पुन्हा प्रयत्न करेल आणि करावाच. पण त्यासाठी पंच आणू नयेत, ही माझी कळकळीची विनंती.

महासंघाच्या जागतिक स्पर्धांमध्ये, अगदी अंतिम सामन्यातही, या खेळाला पंच नसतो. सात-सात जणांचे संघ, १७५ ग्रॅमची तबकडी. ती हातात असताना पळता येत नाही. समोरचा बचावपटू मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजतो, तेवढ्यात फेकावी लागते. धक्का लागला की ज्याला लागला तोच ‘फाउल’ म्हणतो. प्रतिस्पर्ध्याला पटले तर ठीक. नाही पटले तर दोघे तिथेच बोलतात, आणि तरी जमले नाही तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते. मोठ्या सामन्यांत सल्लागार असतात, पण शेवटचा शब्द खेळाडूंचा. सामना संपल्यावर प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याला गुण देतो: नियमांची जाण, धक्काबुक्की टाळणे, निष्पक्षपणा, संयम, संवाद. प्रत्येकाला शून्य ते चार. या गुणांत पहिल्या आलेल्या संघाला वेगळे पारितोषिक असते.

यात वेळ जातो, टीव्हीवर रटाळ दिसते, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने पंच नेमलेसुद्धा. पण क्रिकेटमध्ये बॅटची कड लागल्याचे स्वतःला ठाऊक असूनही फलंदाज पंचांच्या बोटाची वाट पाहतो, आणि आपल्या मुलांना तेच योग्य वाटू लागले आहे. शालेय स्पर्धांत तर पालकच पंचांच्या अंगावर धावून जातात. मी क्रीडाशिक्षिका आहे, हे दर हंगामात पाहते.

आपल्या तालुका-जिल्हा स्पर्धांच्या आयोजकांनी कबड्डी-खोखोला पंच जरूर ठेवावेत, पण सामन्यानंतर दोन्ही संघांकडून अशी गुणपत्रिका भरून घ्यावी आणि निकालासोबत फलकावर लावावी. त्याला एक कागद आणि पाच मिनिटे पुरतात.

— एक क्रीडाशिक्षिका, नाशिक