बदलापूरकरांनो, मनापासून आभार

जूनमध्ये आम्ही परळची चाळीतली खोली सोडून बदलापूरला आलो. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, कल्याण-अंबरनाथच्याही पुढे. सोबत चार वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचं बाळ. टेम्पो पोचला तेव्हा धो धो पाऊस आणि लिफ्ट बंद. समोरच्या इमारतीतली तीन मुलं न बोलावता धावत आली, कपाट, गाद्या, सिलिंडर चौथ्या मजल्यावर चढवून चहाही न घेता गेली. नावं विचारायची राहूनच गेली. खालच्या काकूंनी बाळाला मांडीवर घेतलं, रात्री पिठलं-भात पाठवला. काकू, तुमचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून ठेवलाय, रविवारी शिरा घेऊन येते.

पण सगळ्यात मोठं ऋण लेडीज डब्यातल्या बायकांचं. पहिल्या सोमवारी बाळाला सासूबाईंकडे सोडून निघाले, गर्दीत चढताच येईना. एकीने मनगट धरून आत ओढलं. डोळे भरून आलेले पाहून दुसरी म्हणाली, "पहिला महिना जड जातो गं, बस तू," आणि ठाण्यापर्यंत स्वतः उभी राहिली. तिच्या हातात अर्धी निवडलेली मेथीची पिशवी होती.

मेथीवाल्या ताई, तुम्हाला रोज शोधते. अजून त्याच डब्यात चढते.