ईप्रला रात्री आठपर्यंत थांबा

महोदय,

बेल्जियममधल्या ईप्र गावी आपले पर्यटक चौकातल्या जुन्या कापडपेठेचे फोटो काढून लगेच निघतात. १३०४ मध्ये पुरी झालेली ही इमारत पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या तोफमाऱ्यात जळाली. १९६७ पर्यंत ती जुन्याबरहुकूम पुन्हा बांधली गेली. खालचे काळवंडलेले, टवके उडालेले दगड मी हात लावून पाहिले.

जवळच्या मेनिन गेट या युद्धस्मारकाच्या कमानीवर ५४ हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांत आपल्या हिंदी पलटणींचेही जवान आहेत, थंडीच्या पुरेशा कपड्यांविना खंदकात उतरलेले! तिथे त्यांच्या स्मरणार्थ रोज रात्री आठला बिगूल वाजतो. सहल कंपन्यांनी ती वेळ कार्यक्रमात धरावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त सुभेदार, सातारा