जेवलास की फोन कर, पण चालता चालता

बाळा,

तुझा रिपोर्ट परवा व्हॉट्सअ‍ॅपवर बघितला. आईला सांगू नका म्हणालास, मी नाही सांगितलं, पण माझ्या मोबाईलचं लॉक तिला माहितीये त्यामुळे तिने माझ्याआधीच वाचलेला. एचबीएवनसी, म्हणजे ती रक्तातल्या साखरेची तपासणी, ६.१. अरे ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर, ६.५ झालं की डायबेटिस, आणि हा आकडा काय त्या एका दिवसाचा नसतो, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, म्हणजे आदल्या रात्री पार्टी होती ही सबब इथं चालत नाही. (डॉक्टरांना ती मी पण दिलेली.)

माझा २०११ ला ८.४ निघाला होता, तू तेव्हा दहावीला, म्हणून तुला काही बोललो नाही. तेव्हा मी एसटीवर ड्रायव्हर, सातारा-स्वारगेट मारायचो. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा चार-पाच ग्रॅमचा धर, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम नुसत्या चहातून पोटात. डब्ल्यूएचओवाले म्हणतात वरून घातलेली साखर दिवसभरात सगळी मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत आली तर अजून बरं. मी लॉगशीटवर डिझेल बरोबर लिहायचो, स्वतःचं इंजिन काय पितंय ते कधी लिहिलं नाही.

मग मी काय केलं, तू करतोयस तेच. एका दिवसात साखर बंद, भात बंद, पहाटे पाचला अजिंक्यतारा. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी डबल ड्युटी लागली आणि खंबाटकीच्या अलीकडे वडापाव न् गोड चहा, झालं, संपला विषय. तुझ्या आईने मात्र गाजावाजा न करता साखरेच्या डब्यातला चमचा बदलला, मोठा काढून बारका ठेवला, मला महिनाभर कळलंच नाही. नंतर तोही अर्धाच भरायला लागली. आता बिनसाखरेचा पितो आणि लग्नात कोणी गोड चहा दिला की घशात चिकटतो.

चालायचं कसं जमलं ते ऐक. सकाळी गाडी स्टार्ट केली की लगेच काढता येत नाही, ब्रेकचं एअर भरायला पाहिजे, काटा वर येईपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात आम्ही सगळे कॅन्टीनला टपरीसारखं उभं राहून गप्पा हाणायचो. मी गाडीभोवती फेऱ्या मारायला लागलो. एअर भरतंय तोवर चालायचं, बास, एवढाच नियम. वेगळा वेळ काढला नाही, बूट घेतले नाहीत. वर चालता चालता टायर पण बघून व्हायचे, एकदा मागचा आतला टायर बसलेला सापडला, नाहीतर घाटात बोंब होती.

पण गंमत बघ, २०१८ ला रिटायर झालो आणि सहा महिने चालणं बंद! म्हणजे ठरवून नाही, एअरच भरायचं नव्हतं ना. शुगर परत वर. मग आता पाण्याची मोटर चालू केली की टाकी भरेपर्यंत गच्चीवर फेऱ्या. टाकी रोज रिकामी होते त्यामुळे खाडा पडत नाही.

तू जिमची वर्षाची फी भरलीस, घड्याळ घेतलंस, दहा हजार पावलं झाली नाहीत म्हणून ते बोंबलतं आणि तू वैतागून काढून ठेवतोस. ते दहा हजार कुठून आले माहितेय का? १९६५ ला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलं मोजणारं असं होतं. आकडा गोल होता म्हणून चालला. ते मनाला लावून घेऊ नकोस. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं सांगतात, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि त्याचे तुकडे केले तरी चालतं.

तुझी आजी जेवण झालं की शतपावली घातल्याशिवाय आडवं होऊ द्यायची नाही, आम्ही हसायचो. मला डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, जेवल्यावर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे ती एकदम वर चढत नाही. शंभर पावलं कमीच, दहा-पंधरा मिनिटं तरी पाहिजेत. तू रात्री साडेदहाला पार्सल मागवतोस, लॅपटॉपसमोर खातोस आणि तिथेच लोळतोस. जेवण साडेआठ-नऊला आण. झोपेचं मी बोलत नाही, मुक्कामी गाड्या करणाऱ्याने कुठल्या तोंडाने बोलायचं.

पार्सल बंद कर वगैरे आत्ता सांगत नाही, एका वेळी एकच. तुझं एअर भरायची वेळ कुठली ते मी शोधलंय. रोज आईला फोन करतोस ना, तो जेवण झाल्यावर कर आणि खाली सोसायटीत चालत कर. ती पंधरा मिनिटांच्या आत सोडत नाही हे तुला माहितीये. बसून केलास तर मला कळतं, चालताना तुझा श्वास वेगळा लागतो, मी स्पीकरवर ऐकत असतो.

उद्या सव्वानऊला. आणि तीन महिन्यांनी परत तपास, रिपोर्ट या वेळी आईलाच पाठव.

पप्पा