‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात नेमके काय लिहावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके सह्या होऊन शाळेत परत येत आहेत. त्यातला ‘सुधारणा आवश्यक’ हा रकाना पाहा. ‘अवांतर वाचन करावे’, ‘गणिती क्रियांचा सराव करावा’, ‘हस्ताक्षर सुधारावे’, फिरून फिरून हीच वाक्ये. नोंदींच्या तयार याद्या मिळतात आणि चाळीस मुलांची पुस्तके दोन दिवसांत भरायची असतात, त्यामुळे एकट्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण असली नोंद वाचून घरी नेमके काय करायचे, हे ना आईला कळते ना मुलाला. मग शिकवणी लागते, नाहीतर ‘शेजारच्याला अ-२, तुलाच कसं ब-१?’ एवढ्यावर विषय मिटतो.

दुसऱ्या सत्राचे ध्येय याच रकान्यातून निघायला हवे, आणि त्यासाठी श्रेणी नव्हे, चूक वाचावी लागते. ५०३ मधून २७८ वजा करा. उत्तर २२५. एक मूल ३७५ लिहिते, दुसरे २३५. दोघांनाही गुण शून्य, शेराही एकच: ‘वजाबाकीचा सराव करावा’. पण पहिले मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते आहे. दशक सुटा करणे त्याच्या डोक्यात बसलेलेच नाही. दुसऱ्याला ते येते, फक्त शतक सुटे करून मिळालेल्या दहा दशकांतला एक दशक पुढे एककाकडे दिला आणि मागे नऊच उरले, हे ते विसरते. दुसऱ्याला आठवडाभर कागदी नोटा पुरतात: शंभराच्या पाच, एकाची तीन नाणी, आणि त्यातून २७८ ‘द्यायचे’. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकाची दहा; मोडताना हातात नऊच दहाच्या राहिल्या, हे त्याला दिसते. पहिल्याला मात्र आधी ५२ वजा २७ अशा दोन अंकी गणितांवर न्यावे लागते. दोघांनाही त्याच वहीतली पन्नास गणिते घातली, तर पहिले मूल आपली चूक पन्नास वेळा घोकते.

म्हणून ध्येय असे लिहावे: ‘मधे शून्य असलेल्या ५ वजाबाक्या मी ताळा करून बरोबर सोडवीन, २६ जानेवारीच्या आधी.’ काय, किती, कधीपर्यंत, आणि बरोबर आले हे मुलाचे मुलालाच तपासता येते. ‘अभ्यासात लक्ष देईन’ किंवा ‘पहिला नंबर काढीन’ ही ध्येये नव्हेत. लक्ष मोजता येत नाही आणि नंबर दुसऱ्यांच्या गुणांवर ठरतो.

वाचनाचे गणित जरा नाजूक आहे. पायाभूत वाचन आणि गणितासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही अर्थ कळून, अशी पातळी ठरलेली आहे. घरी मोजायचे तर मुलाने न वाचलेला शंभरेक शब्दांचा उतारा घ्यावा. पाठ्यपुस्तकातला धडा नको, तो अर्धा पाठ असतो. आपल्या प्रतीवर दर दहा शब्दांनी पेन्सिलीची खूण करावी आणि मोबाइलवर एक मिनिट लावावे. चुकलेले, गाळलेले शब्द वजा. स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द बरोबर धरावा. ४१ वाचले, ६ चुकले, म्हणजे ३५. लगेच तीन प्रश्न विचारावेत: दोन प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात असावीत, एकाचे विचार करून द्यावे लागावे.

३५ वर असलेल्या मुलाला सहा आठवड्यांसाठी ४५ पुरे. एकदम ६० सांगितले की ते अंदाजाने रेटू लागते. ‘पाऊस’ला ‘पावसाळा’ म्हणते आणि पुढे पळते. शिवाय मराठीत ‘गावाबाहेरच्यांनासुद्धा’ हाही मोजायला एकच शब्द, तेव्हा दोन वेळचे उतारे साधारण सारख्याच वळणाचे असावेत. आकड्यापेक्षाही अडलेल्या शब्दांची यादी जास्त कामाची. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ इथेच गाडी थांबत असेल, तर खरी अडचण ‘र’च्या चार रूपांची आहे. तिथे ध्येय वेगाचे नको, अशा वीस शब्दांचे असावे.

एका वेळी ध्येये दोनच असावीत, एक भाषेचे आणि एक गणिताचे. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि सहल वजा जाता या सत्रात सलग आठवडे फार हाती लागत नाहीत, म्हणून मुदत सहा आठवड्यांचीच बरी. घरी रोज दहा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, वेळ ठरलेली. मोजणी मात्र दर दोन आठवड्यांनी, एकूण तीनदा. रोज मोजले की घरात रोज परीक्षा लागते. दुसऱ्या मोजणीला आकडा हलला नसेल, तर वेळ वाढवू नये, ध्येय लहान करावे. पालकांना स्वतःला वाचता येत नसेल तरी अडत नाही: मुलाने मोठ्याने वाचावे आणि आजीने ‘मग पुढं काय झालं?’ विचारावे. ध्येयाची पट्टी मुलाच्या हस्ताक्षरात दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तिचा फोटो टाकू नये. तिथे तिची लगेच शर्यत होते.

शाळेकडून एवढेच हवे, की पालकसभेत मूलही समोर असावे. चाळीस मुलांना पाच-पाच मिनिटे म्हणजे दोनशे मिनिटे. एका दुपारी ते जमणार नाही, पण रोज दहा मुले बोलावली तर चार दिवसांत होते. त्या पाच मिनिटांत मुलाने एक गणित सोडवून किंवा चार ओळी वाचून दाखवाव्यात, चूक कुठे होते ते शिक्षकांनी बोट ठेवून दाखवावे आणि ध्येयाचे वाक्य मुलाने तिथेच लिहावे. गुणांची चर्चा या बैठकीत नकोच.

ऊसतोडीला निघालेल्या मुलांचे दुसरे सत्र बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शाळेत जाते. नव्या शाळेत दाखवून शिक्षण पुढे चालू ठेवता यावे, म्हणून त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते. पण ‘इयत्ता चौथी’ एवढ्यावरून तिथल्या शिक्षकांना काही कळत नाही, आणि मूल पुन्हा ‘अ, आ’पासून किंवा थेट न झेपणाऱ्या धड्यापासून सुरू होते. ‘मिनिटाला ३५ शब्द, रफार अडतो, दोन अंकी वजाबाकी येते, शून्याची नाही’ अशा दोन ओळी त्याच कार्डाच्या मागे लिहिल्या, तर नव्या शाळेत पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते ठरलेले असेल.

आपल्या,
दोन प्राथमिक शिक्षिका, जि. बीड