कोर्टात उभ्या असलेल्या कच्च्या कैद्याचे कपडे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझा धाकटा भाऊ सध्या कच्चा कैदी म्हणून जेलमध्ये आहे. केस चालू आहे, त्यामुळे केसबद्दल मी काहीच लिहिणार नाही, लिहायचंय ते त्याच्या पँटबद्दल. आत बेल्ट ठेवू देत नाहीत आणि त्याचं वजन पण खूप उतरलंय, म्हणून मागच्या तारखेला तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता तो डाव्या मुठीत पँट कमरेला धरून, पायात स्लिपर, आणि शर्ट चुरगळलेला, कॉलर काळी पडलेली. साक्षीदाराला विचारलं की आरोपीला ओळखता का, तर त्याने बोट दाखवायच्या आधी त्या मुठीकडे बघितलं. मी मागच्या बाकावरून बघत होते.

घरी येऊन मोबाईलवर शोधत बसले की याबद्दल कुठे काही नियम आहे का, तर अमेरिकेतली एक केस सापडली आणि ती डोक्यातून जातच नाहीये. १९७० साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला विल्यम्स नावाच्या माणसावर खटला चालला. जामिनाचे पैसे भरता आले नाहीत म्हणून तो जेलमध्येच होता. त्याने जेलच्या माणसाकडे स्वतःचे कपडे मागितले, दिले नाहीत. मग तो ज्युरीसमोर गेला तो पांढऱ्या टीशर्टमध्ये, ज्याच्या पाठीवर 'हॅरिस काउंटी जेल' छापलेलं, ढगळ पँट, तिच्या पायांवर पण तेच छापलेलं, आणि पायात बाथरूम चपला. म्हणजे दोषी आहे की नाही हे ठरवायला बसलेल्या लोकांना दिवसभर समोर 'जेल' वाचायला मिळत होतं!

१९७६ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीला जेलच्या कपड्यात ज्युरीपुढे उभं राहायची सक्ती करता येणार नाही, आणि हेही म्हटलं की याचा त्रास होतो तो ज्यांना जामीन भरता येत नाही त्यांनाच. हे वाचून मला खूप बरं वाटलं, पण पुढे वाचलं तर विल्यम्स स्वतः हरला, कारण काय तर खटल्याच्या वेळी कोर्टात त्याने किंवा त्याच्या वकिलाने हरकत घेतली नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. जेलमधून आणलेल्या माणसाला असं काही बोलता येतं हे माहीत तरी असतं का? माझ्या भावाला वकिलाशी दोन मिनिटं नीट बोलायला मिळत नाहीत, त्यात तो कपड्यांचं काय सांगणार.

कोणी म्हणेल आपल्याकडे ज्युरी नाही, जज असतात, त्यांना सवय असते. असेल. पण साक्षीदाराला सवय नसते. आणि ज्युरी होती तेव्हाचं आपल्याच मुंबईतलं उदाहरण घ्या, १९५९ ला खुनाचा आरोप असलेले नौदलाचे कमांडर नानावटी नौदलाच्याच ताब्यात असताना कोर्टात यायचे ते पांढऱ्याशुभ्र युनिफॉर्ममध्ये, आणि ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, जे पुढे हायकोर्टाने फिरवलं. युनिफॉर्ममुळेच तसं झालं असं मी म्हणत नाही, पेपरवाल्यांनी पण तेव्हा रान उठवलं होतं, पण अंगावर काय आहे याने समोरच्या माणसाची नजर बदलते एवढं तर कोणीही मान्य करेल.

आपल्याकडे कच्च्या कैद्याला घरचे कपडे घालता येतील हे इंग्रजांनी १८९४ च्या तुरुंग कायद्यातच लिहून ठेवलंय, आणि ज्याला घरून मिळत नाहीत त्याला जेलने पुरवावेत हे पण. म्हणजे कैद्याचा युनिफॉर्म शिक्षा झालेल्यालाच, हे आपल्याकडे आधीपासून ठरलेलं आहे. पण घरचे म्हणजे कुठले, तर ज्याचं कोणी भेटायला येत नाही तो अटकेच्या दिवशीच्याच कपड्यात महिनोन्‌महिने तारखेला येताना मी स्वतः बघितलाय. अमेरिकेत पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे गरीब आरोपींना सरकारतर्फे मिळणाऱ्या वकिलांच्या, काही ऑफिसांत अशा आरोपींसाठी शर्ट, कोट, बूट ठेवलेलं कपाट असतं. आपल्याकडे कोर्टाच्या लॉकअपजवळ असं एक कपाट का नको? धुतलेले शर्ट आणि वेगवेगळ्या मापाच्या इलॅस्टिकच्या पँटी, बस. बेल्ट नको असेल तर नका देऊ, पण माणसाचे दोन्ही हात मोकळे राहू द्या.

माझ्या भावाची पुढची तारीख याच महिन्यात आहे. मी इलॅस्टिकची पँट घेतलीये, जेलमधल्या भेटीच्या दिवशी गेटवर देणार आहे, आत घेतील का बघू.

आपली,
एक वाचक, कल्याण