साठच्या आत नको, पस्तिसाच्या पुढे नको

वसई,
2 फेब्रुवारी 2026

प्रिय फिलू,

नाताळात तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. रागावली असशील. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही गोष्ट अशी आहे की मध्येच कुणी 'काय?' म्हणालं तर मला ती पुन्हा सांगता येणार नाही. म्हणून कागद घेऊन बसलेय. तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. झालं.

आज बाळ येशूच्या मंदिरातल्या समर्पणाचा सण. सकाळच्या मिस्सेत मेणबत्त्या पेटवल्या, फादरांनी सगळ्या व्रतस्थांसाठी प्रार्थना सांगितली, आणि शुभवर्तमानात मंदिरातली म्हातारी संदेष्टी हन्ना आली. तिला आपण लहानपणापासून ऐकतोय, पण लक्ष कायम बाळाला हातात घेणाऱ्या शिमोनाकडे. आज मात्र ती म्हातारी येऊन माझ्या बाकावर बसली. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य, आणि 84 वर्षांची झाली तरी मंदिर सोडून गेली नाही. माझ्या मेणबत्तीचं मेण कागदाच्या चकतीवरून ओघळून बोटांवर पडलं तरी मला कळलं नाही. शेजारणीने हात धरला तेव्हा कळलं.

फिलू, मला सिस्टर व्हायचंय.

लिहिलं एकदाचं. थोरल्याला हे सांगायला मला चार महिने लागले, तुला सांगायला त्याहून जास्त. कारण तुझ्यासमोर मी निर्मळच्या जत्रेत उभी राहून काय बोलले होते ते मला आठवतंय आणि तुलाही आठवतंय. 1988. तू दोन वर्षांनी नोव्हिशिएटमधून, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या शिक्षणातून, परत आली होतीस, अजून केसही वाढले नव्हते, आणि मी सुकेळीच्या, त्या सुकवलेल्या केळ्यांच्या, पालासमोर चारचौघांत म्हणाले, "देवाला हो म्हणून कुणी परत येतं का?" तू सुकेळीचा पुडा माझ्या अंगावर फेकलास आणि तो लागला मागच्या फुगेवाल्याला! तो बिचारा पुडा हातात धरून, परत कुणाला द्यावा म्हणून आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्या वेळी आपण हसलो नाही. माझ्या लग्नात हसलो. पण माफी मी आजवर मागितली नाही. आता मागते. बाबांनी मला जाऊ दिलं नव्हतं, तू गेलीस, आणि परत आलीस तेव्हा मला वाटलं की माझीही जागा तू टाकून आलीस. राग त्याचा होता. तू काही चुकीचं केलं नव्हतंस.

आता सगळं सांगते. हे गेल्यापासून मी दर गुरुवारी त्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जाते, हे तुला माहीत आहे. आज्यांची नखं कापायची, वेण्या घालायच्या, जपमाळ सांगायची. नोव्हेंबरात तिथल्या प्रमुख मदरना विचारून तीन दिवस तिथेच राहिले. एक लोखंडी खाट, एक खुर्ची, भिंतीवर क्रूस. पहाटे पाचला घंटा. पहिल्या रात्री माझा हात उशीखाली गेला आणि दचकून जागी झाले. किल्ल्या नव्हत्या! घराच्या, कपाटाच्या, वाडीतल्या पंपाच्या. पस्तीस वर्षं उशीखाली किल्ल्या घेऊन झोपलेय मी. मग आठवलं की जुडगा सूनबाईकडे आहे. पुन्हा पडले आणि घंटेपर्यंत गाढ झोपले, इतकी की हे गेल्यापासून तशी झोप आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मदरना विचारलं. त्यांनी चहा मागवला, म्हणजे उत्तर नाही असणार हे मी ओळखलं. त्यांच्या नियमावलीत 35 च्या पुढच्या बाईला घेत नाहीत. पण बाई सरळ आहेत. त्यांनी स्वतःच सांगितलं की चर्चच्या कायद्यात वरच्या वयाची अट नाही. सतरा वर्षं पुरी पाहिजेत, एवढीच खालची अट. वरची अट ज्या त्या संस्थेची. विधवेला आडकाठी नाही, नवरा हयात असेल तर मात्र येता येत नाही. न फिटणारं कर्ज अंगावर नको, प्रकृती धड हवी, स्वभाव मुरलेला हवा. मी विचारलं, मुरलेला म्हणजे? त्या हसल्या. म्हणाल्या, "अडचण तीच असते, रेजिनाबाई. मोठ्या बायका मुरलेल्या असतात, पण आपापल्या लोणच्यात. वीस वर्षांची मुलगी वरण कसं फोडणीला घालायचं ते शिकून घेते. तुम्हाला ते येतं, आणि तुमचंच बरोबर असतं."

हे मला लागलं, कारण खरं आहे. त्या तीन दिवसांत मी त्यांच्या स्वयंपाकघरात दोनदा मीठ वाढवलं होतं.

आणि हिशेब बघ. वर्षभर उमेदवारी, मग नोव्हिशिएट, ते कमीत कमी एक वर्ष आणि बहुतेक ठिकाणी दोन. मग तात्पुरती व्रतं, निदान तीन वर्षं आणि सहा वर्षांपर्यंतही. कायमचं व्रत घेईपर्यंत मी 65 ते 68. तोवर मला सांभाळायची वेळ त्यांच्यावर येईल. मदरांचं म्हणणं मला पटतं. तरी रात्री बायबल उघडलं आणि पौलाचं तीमथ्याला पत्र समोर आलं: साठच्या आतल्या विधवेला चर्चच्या विधवांच्या यादीत घेऊ नये. आता सांग! पौल म्हणतो साठच्या आत नको, सिस्टर म्हणतात पस्तिसाच्या पुढे नको, आणि मी 59 ची. तू असतीस तर दोघी पोट धरून हसलो असतो. एकटीला हसूही आलं आणि रडूही.

थोरल्याचं ऐक. फादरांनी मला संत जेन द शांतालची गोष्ट सांगितली होती. नवरा शिकारीत गोळी लागून गेला, ती 29 ची. पुढे 1610 मध्ये संत फ्रान्सिस द सेल्सबरोबर तिने व्हिजिटेशन नावाचा सिस्टरांचा संघ काढला, आणि इतर मठ ज्यांना घेत नसत अशा विधवा, वयस्क, नाजूक प्रकृतीच्या बायकांना आत घ्यायचं ठरवलं. ती घर सोडून निघाली तेव्हा तिचा मुलगा उंबऱ्यात आडवा पडला. ती रडली आणि त्याला ओलांडून गेली. मी मनाची तयारी तेवढी करून बसले होते. थोरला आडवा पडला नाही. जेवण झाल्यावर त्याने ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि पाठमोरा राहूनच विचारलं, "आई, आमचं काही चुकलं का?"

याला कसं ओलांडायचं, फिलू?

त्यांचं काहीच चुकलेलं नाही. सूनबाई मला जपते. धाकटा दुबईहून म्हणाला, "वाडीचं काय?" मला वाईट वाटलं, पण प्रश्न रास्त आहे. सतरा गुंठे आहेत, बिल्डरचा माणूस महिन्याला फेरी मारतो. मदर म्हणाल्या की पहिल्या व्रताआधी मालमत्तेचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो आणि कायमच्या व्रताआधी मृत्युपत्र. म्हणजे ते व्यवस्थित करता येतं. माझी चिंता ती नाही.

माझी चिंता ही आहे की हे पाचारण आहे की रिकाम्या खाटेपासून काढलेला पळ? हे असते तर मला हे सुचलं असतं का? 19 व्या वर्षी सुचलं होतं, तेव्हा हे नव्हतेच. मग मधली वर्षं काय होती? संसार मी मनापासून केला, तो वाट बघण्याचा काळ नव्हता. कधी वाटतं देवाने दोनदा हाक मारली, कधी वाटतं पहिलीच हाक कानात राहिली. आणि कधी रात्री दोनला वाटतं, हाक वगैरे काही नाही, मला फक्त कुणीतरी घंटा वाजवून उठवायला हवंय.

फादर म्हणतात, आपले गोन्सालो गार्सिया बघा. याच वसईचे. जेझुइट फादरांच्या संघाकडे मागून मागून प्रवेश मिळाला नाही, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. दार बंद म्हणजे हाक खोटी असं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दुसऱ्या वाटाही सांगितल्या. घरी राहून कार्मेलच्या तिसऱ्या संघात, म्हणजे संसारी माणसांच्या शाखेत, जाता येतं. पहिल्या शतकांत चर्चमध्ये विधवांचा वेगळा वर्ग असे, आणि काही धर्मप्रांतांत बिशपांच्या हातून विधवांचं समर्पण आता पुन्हा होतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये व्रतस्थ जीवनावर लिहिताना त्याचा उल्लेख केलाय. मी सगळं ऐकून घेतलं. पण घरी राहून म्हणजे किल्ल्या माझ्याकडेच राहणार ना?

मदरांनी दार पुरतं लावलेलं नाही. मे महिनाभर पाहुणी म्हणून या म्हणाल्या, वृद्धाश्रमात रात्रपाळी करा, स्वयंपाकघरात जाऊ नका! मग ज्या संस्था मोठ्या वयाच्या बायकांना घेतात त्यांपैकी एकीला त्या स्वतः पत्र देतील.

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. भावोजींची अँजिओप्लास्टी नीट झाली ना? नातवाची दहावी, त्याला म्हणावं भूमिती सोडू नकोस. नगरची थंडी तुझ्या गुडघ्याला सोसत नाही, पट्टा लाव.

आता ज्यासाठी लिहिलं ते. परत आलीस तेव्हा कारण तू कुणालाच सांगितलं नाहीस. बऱ्याच वर्षांनी आमच्या ओट्यावर मला एकच वाक्य म्हणालीस, की तिथे रोज रात्री तुला घरच्या रहाटाचा आवाज यायचा. मी तेव्हा शेंगा सोलत होते, पुढे विचारलं नाही. आता विचारते. तो आवाज देवाचा नाही, घराचाच आहे, हे तुला कशावरून कळलं? की कळलं नव्हतंच, आणि तू नुसती उठून आलीस?

पत्रात लिहू नकोस. 18 ला राखेचा बुधवार आहे, उपासकाळ लागतो, त्याच्या आत ये. दोन दिवस तरी राहा. सुकेळी आणून ठेवते.

तुझी,
रेजी